टीमनं ऑफेन्सची पद्धत बदलावी का? नेब्रास्काच्या आणि इतर कॉलेज फुटबॉल चाहत्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला आलेली मुलं, त्यांना भेटायला आलेले आईबाबा, आणि इथे बरीच वर्षं राहूनही शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल मॅचकडे आत्ता कुठे वळलेली मंडळी यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. बहुतेकांचा सूर एकच असतो : टीम हरली तर लोक चिडतात हे समजतं, पण टीम कोणत्या पद्धतीनं खेळते यावरून माणसं वीस-वीस वर्षं का भांडतात? मी नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमचा चाहता आहे, त्यामुळे उत्तरांच्या मध्यभागी नेब्रास्का आहे. बाकीच्या टीम जिथे खरोखर काही शिकवून जातात तिथे आल्या आहेत.

1. ऑफेन्सची पद्धत म्हणजे नेमकं काय? बॉल पुढे न्यायचा, एवढंच ना?

काम तेवढंच. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे जायचं, म्हणजे पुढचे चार प्रयत्न मिळतात. पण ते दहा यार्ड कसे मिळवायचे यावर अख्खी टीम बांधली जाते. बॉल हातात घेऊन पळायचं की फेकायचा? क्वार्टरबॅकनं (ज्याच्या हातात प्रत्येक चालीत बॉल आधी येतो) स्वतः पळायचं की मागे उभं राहून पास द्यायचा? मैदानभर पसरून उभं राहायचं की एकमेकांना खेटून?

पद्धत ठरली की खेळाडूंची अंगकाठीही ठरते. पळणाऱ्या टीमला चपळ क्वार्टरबॅक आणि समोरच्याला ढकलत नेणारी लाइन, म्हणजे पुढची पाच जणांची फळी, लागते. फेकणाऱ्या टीमला उंच, अचूक हाताचा क्वार्टरबॅक, पास झेलणारे वेगवान रिसीव्हर आणि मागे सरकत क्वार्टरबॅकला वाचवणारी लाइन लागते. हे खेळाडू एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पुढची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

2. 'ट्रिपल ऑप्शन' हा शब्द सारखा ऐकू येतो. तो कसा चालतो?

क्वार्टरबॅककडे एकाच प्लेमध्ये (चालीत) तीन पर्याय असतात : मधून घुसणाऱ्या फुलबॅकला बॉल द्यायचा, स्वतः ठेवून पळायचं, किंवा शेजारून पळणाऱ्या साथीदाराकडे बाजूला टाकायचा. निर्णय प्ले सुरू झाल्यावर होतो. समोरच्या एका डिफेंडरला मुद्दाम कोणी अडवत नाही, क्वार्टरबॅक फक्त त्याच्याकडे बघतो. तो आत आला की बॉल बाहेर जातो, तो बाहेर राहिला की बॉल आत जातो. न अडवताच एक माणूस बाद झाला, म्हणजे तो अडवणारा खेळाडू दुसऱ्या कोणाला तरी अडवायला मोकळा.

दुसरा फायदा तयारीचा. जी टीम वर्षभर पासिंगविरुद्ध खेळते, तिला ऑप्शनसाठी जेमतेम आठवडा मिळतो. त्या आठवड्यात डिफेन्समधल्या प्रत्येकाला 'तुझा माणूस हाच, बॉल कुठेही जावो' ही शिस्त अंगी बाणवावी लागते. एकजण मोहात पडून बॉलमागे धावला की साठ यार्ड गेले.

3. नेब्रास्काच्या लोकांना ऑप्शनचा एवढा जिव्हाळा का?

टॉम ऑस्बर्न 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी, आणि एकाही सीझनमध्ये नऊपेक्षा कमी विजय नाहीत. 1994, 1995 आणि 1997 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, त्यातलं शेवटचं मिशिगनबरोबर विभागून. शेवटच्या पाच सीझनमध्ये 60 विजय आणि फक्त 3 पराभव. 1995 च्या टीमनं फिएस्टा बोल या सीझननंतरच्या मानाच्या मॅचमध्ये फ्लोरिडाचा 62-24 असा पराभव केला आणि त्या एका मॅचमध्ये 524 यार्ड नुसतं पळून काढले. फ्लोरिडा तेव्हा देशातल्या सर्वात भपकेबाज पासिंग टीमपैकी एक होती, हे लक्षात घेतलं की त्या रात्रीचा आनंद कळतो.

पण आकड्यांपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. नेब्रास्का हे वीस लाखांच्या आत-बाहेर लोकसंख्येचं शेतीप्रधान राज्य. फ्लोरिडा, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियासारखे वेगवान रिसीव्हर तिथे गावोगाव मिळत नाहीत. धिप्पाड, कष्टाळू, पाच वर्षं वाट बघायला तयार असलेली मुलं मात्र मिळतात. त्यातली कित्येक शिष्यवृत्तीशिवाय, 'वॉक-ऑन' म्हणून टीममध्ये येत. बॉइड एप्ली यांना नेब्रास्कानं 1969 मध्ये ताकदीच्या व्यायामाचे प्रशिक्षक म्हणून नेमलं, तेव्हा इतर कॉलेजांत असं पद जवळपास नव्हतंच. लहान गावातला मुलगा येणार, व्यायामशाळेत घडणार, चौथ्या-पाचव्या वर्षी लाइनमध्ये उभा राहणार, आणि त्याच्यामागून टीम पळणार. शेजारच्या गावातला मुलगा मैदानावर दिसतो म्हणून ती पद्धत लोकांना आपली वाटायची. 1995 च्या जानेवारीत मायामीविरुद्धचा ऑरेंज बोल 24-17 असा जिंकला, त्यातले चौथ्या क्वार्टरमधले दोन्ही टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) कोरी श्लेसिंजर या फुलबॅकचे होते. तो नेब्रास्कातल्याच डंकन नावाच्या छोट्या गावचा.

4. म्हणजे ऑप्शन ही नेब्रास्काची मूळ परंपरा आहे?

नाही, आणि हे कट्टर चाहत्यांनाही अनेकदा माहीत नसतं. ऑस्बर्न यांनी सुरुवातीची वर्षं बऱ्यापैकी पासिंगवर काढली. 1973 ते 1977 सलग पाच वर्षं ते ओक्लाहोमाकडून हरले, आणि ओक्लाहोमा विशबोन नावाचा ऑप्शनच खेळत असे. पळू शकणारा क्वार्टरबॅक डिफेन्सला किती छळतो हे समोर उभं राहून पाहिल्यावर त्यांनी हळूहळू स्वतःची टीम त्या बाजूला वळवली. आज ज्याला आपण वारसा म्हणतो तो स्वतःच एक बदल होता. फरक एवढाच की तो त्याच प्रशिक्षकानं, आपल्याच खेळाडूंना घेऊन, काही वर्षांत सावकाश केला.

5. जिंकत असताना बदललं कशाला?

ऑस्बर्ननंतर फ्रँक सोलिच आले. ऑप्शन तोच. 2001 मध्ये क्वार्टरबॅक एरिक क्राउचला हाइझमन ट्रॉफी मिळाली, पण त्याच सीझनमध्ये कोलोरॅडोनं 62-36 असं झोडपलं आणि नंतर रोझ बोलमध्ये मायामीनं 37-14. 2002 मध्ये टीम 7-7 वर, म्हणजे सात विजय आणि सात पराभवांवर, आली. 2003 मध्ये सोलिच यांनी सहायक प्रशिक्षक बदलून गाडी रुळावर आणली, नऊ मॅच जिंकल्या, आणि तरीही क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी त्यांना काढलं. सहा वर्षांचा हिशोब 58-19 होता.

पेडरसन यांचं म्हणणं असं की टीम सामान्य होत चालली आहे आणि ते होऊ द्यायचं नाही. त्यामागचा विचार अगदीच पोकळ नव्हता. चांगल्या क्वार्टरबॅकला आणि रिसीव्हरला एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जायचं असतं, एनएफएलमध्ये ऑप्शन नाही, मग असा मुलगा नेब्रास्काला का येईल? क्राउचचंच उदाहरण घ्या : देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेल्या या क्वार्टरबॅकला एनएफएलनं रिसीव्हर म्हणून निवडलं. जानेवारी 2004 मध्ये एनएफएलमधल्या ओकलंड रेडर्सचे माजी प्रशिक्षक बिल कॅलाहन आले आणि त्यांच्याबरोबर वेस्ट कोस्ट ऑफेन्स आला, म्हणजे घड्याळाच्या काट्यावर बसवलेले छोटे, अचूक पास.

6. पहिल्या वर्षी काय झालं?

5-6. 1961 नंतरचा पहिला तोट्यातला सीझन. सलग 35 वर्षं बोल गेम खेळणारी टीम घरी बसली. टेक्सास टेकनं 70-10 असं हरवलं. क्वार्टरबॅक जो डेली सोलिच यांच्या काळात भरती झालेला होता. त्याला रातोरात नवीन प्लेबुक मिळालं आणि त्याचे इंटरसेप्शन (समोरच्या टीमनं पकडलेले पास) टचडाउन पासांपेक्षा जास्त झाले. दोष त्या मुलाचा नव्हता.

7. मग पासिंगनंच नेब्रास्काची वाट लावली, हे खरं ना?

इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी सहमत नाही. 2005 मध्ये 8-4. 2006 मध्ये झॅक टेलर क्वार्टरबॅक असताना टीमनं बिग 12 या कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, उत्तर विभाग जिंकला. पद्धत रुजत होती. 2007 मध्ये सगळं कोसळलं आणि टीम 5-7 वर थांबली, पण त्या वर्षीही ऑफेन्स मॅचमागे 30 पेक्षा जास्त गुण करत होता. कॅन्ससविरुद्ध नेब्रास्कानं 39 गुण केले आणि 76 दिले. एकोणचाळीस करून जी टीम हरते तिचं दुखणं ऑफेन्समध्ये शोधून सापडणार नाही.

तरीही स्टँडमधल्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. त्याला सांगितलं होतं की जुनं टाकलं तर वरच्या पायरीवर जाऊ. चार वर्षांत 27-22. जुनंही गेलं आणि पायरीही आली नाही. पेडरसन यांना ऑक्टोबर 2007 मध्ये काढलं, त्यांच्या जागी स्वतः ऑस्बर्न आले, आणि सीझन संपल्यावर कॅलाहन गेले.

8. चाहत्यांमध्ये दोन तट आहेत का? म्हातारे एकीकडे, तरुण दुसरीकडे?

तेवढं सोपं नाही. ढोबळपणे चार प्रकारची माणसं भेटतात.

ज्यांनी नव्वदचं दशक पाहिलं त्यांना पळणारी टीम हवी असते, पण त्यातल्या अनेकांना हुबेहूब ऑप्शन नको असतो. त्यांना हवं असतं ते लाइनचं वर्चस्व : चौथ्या क्वार्टरला समोरची टीम दमलेली दिसणं. विद्यार्थ्यांनी ते दिवस फक्त व्हिडिओत पाहिलेत. त्यांना बोल गेम हवा, पद्धत कुठलीही चालेल. तिसरे हवामानवाले : लिंकनमध्ये, म्हणजे नेब्रास्काच्या टीमच्या गावात, नोव्हेंबरचा वारा सुटला की पास कसले फेकता? हा मुद्दा मला अर्धाच पटतो. वारा दोन्ही टीमना असतो, आणि सीझनच्या बऱ्याचशा मॅच थंडीआधीच होऊन जातात. चौथे भरती बघणारे, जे प्रत्येक पद्धतीकडे 'यानं कोणते खेळाडू येतील' एवढ्याच नजरेनं पाहतात. माझ्या मते त्यांचा प्रश्न सर्वात योग्य असतो. उत्तर मात्र ते फार घाईनं देतात.

एका बाबतीत चौघांचं एकमत आहे : मैदान रिकामं ठेवायचं नाही. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक मॅचला संपली आहेत. ही साखळी 400 मॅचच्या पुढे गेली, आणि त्यात 2004 आणि 2007 सुद्धा येतात.

9. जिंकलं की झालं. पद्धतीवरून जिंकणाऱ्या टीमवर कोणी रागावतं का?

रागावतं. आयोवा बघा. 2022 मध्ये त्यांनी साउथ डकोटा स्टेटला 7-3 असं हरवलं, आणि ते सात गुण म्हणजे एक फील्ड गोल (लाथेनं मिळणारे तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलच्या टोकाला अडवून मिळणारे दोन-दोन गुण). एकही टचडाउन नाही. ऑफेन्सचे सूत्रधार ब्रायन फेरेन्झ हे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्झ यांचेच चिरंजीव. 2023 साठी त्यांच्या करारात अट घातली गेली की टीमनं मॅचमागे सरासरी 25 गुण करावेत आणि किमान सात मॅच जिंकाव्यात. विजय दहा आले, गुण 25 च्या जवळही गेले नाहीत. सीझन अर्ध्यावर असतानाच जाहीर झालं की पुढच्या वर्षी ते नसतील. शेवटच्या दोन मॅच आयोवा 26-0 आणि 35-0 अशी हरली.

आयोवाच्या चाहत्यांना विजयाची किंमत कळत नव्हती असं नाही. इतका उत्तम डिफेन्स असताना ऑफेन्स जरासा बरा असता तर टीम कुठे पोचली असती, ही हळहळ होती. त्यात घरच्या माणसाला झुकतं माप दिल्याची शंका मिसळली, मग ती आवरणं कोणाच्याच हातात राहिलं नाही.

10. बदल यशस्वी झाल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि ती नीट बघण्यासारखी आहेत.

अलाबामाचे बेअर ब्रायंट 1969 आणि 1970 मध्ये जेमतेम सहा-सहा मॅच जिंकले. मग ते टेक्सासच्या डॅरेल रॉयल यांच्याकडून विशबोन शिकले, सराव गुप्त ठेवला आणि 1971 ची पहिलीच मॅच यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया) घरी 17-10 अशी जिंकली. सीझन 11-1. आधीचा पासिंगवाला क्वार्टरबॅक शिक्षण संपवून गेला होता आणि हातात होते ते पळणारे खेळाडू.

एलएसयूनं (लुइझियाना स्टेट) 2019 मध्ये उलट दिशेनं उडी मारली. एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून तिशीच्या आतला जो ब्रेडी आला आणि जुन्या धाटणीचा ऑफेन्स मैदानभर पसरला. जो बरोनं 60 टचडाउन पास दिले, टीम 15-0 राहून राष्ट्रीय विजेती झाली. पण बरो, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे तिघंही आधीपासून टीममध्ये होते. दोन्ही ठिकाणी खेळाडू आधी होते, पद्धत त्यांच्या मापानं आली. नेब्रास्कात 2004 मध्ये पद्धत आधी आली.

11. बदलून पुन्हा मागे वळलेल्या टीम आहेत का?

दोन ताज्या. विस्कॉन्सिन ही पिढ्यान्‌पिढ्या दांडग्या लाइनमागून पळणारी टीम. 2023 मध्ये फिल लाँगो 'एअर रेड' पद्धतीचं पासिंग घेऊन आले. नोव्हेंबर 2024 मध्ये ओरेगनकडून 16-13 असं हरल्यावर त्यांना काढलं. ते वर्ष 5-7 गेलं आणि सलग 22 वर्षांची बोल गेमची साखळी तुटली. नंतर पळण्यावर भर देणारा सूत्रधार आणला, पण तोवर लाइन पूर्वीची राहिली नव्हती. मागे वळणंही फुकट नसतं.

दुसरी आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीची टीम. 2023 मध्ये त्यांनी ऑप्शनला शॉटगनची (क्वार्टरबॅक लाइनपासून काही यार्ड मागे उभा राहतो ती मांडणी) जोड देऊन पाहिली : 6-6. 2024 मध्ये पुन्हा मूळ रूपाकडे गेले : 12-2 आणि आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद. एकाच वर्षात वळता आलं, कारण त्यांचे खेळाडू मुळातच त्या पद्धतीसाठी घेतलेले होते.

12. जॉर्जिया टेकचं काय? तिथे तर आपली बरीच मुलं शिकतात.

अटलांटात शिकलेल्या मराठी मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. पॉल जॉन्सन यांनी 2008 ते 2018 तिथे ट्रिपल ऑप्शन चालवला. 2014 च्या सीझनमध्ये 11 विजय आणि ऑरेंज बोल. ते निवृत्त झाल्यावर जेफ कॉलिन्स आले आणि ऑप्शन मोडीत काढला. 2019 मध्ये 3-9. त्यातला एक पराभव घरच्या मैदानावर, द सिटाडेल या खालच्या विभागातल्या छोट्या कॉलेजकडून, 27-24. सिटाडेल ऑप्शन खेळत होती.

चाहत्यांना आजही टोचतं ते हे. जॉन्सन यांच्या शेवटच्या काळात 'ऑप्शन कंटाळवाणा आहे, भरती होत नाही' म्हणणारे अटलांटातही भरपूर होते, आणि भरतीबद्दल ते चूक नव्हते. पण ट्रिपल ऑप्शनच्या टीममधून बाहेर पडणं सर्वात अवघड असतं : टाइट एंड (लाइनच्या टोकाला अडवणारे आणि पासही झेलणारे) नाहीत, रिसीव्हर मोजके, लाइनला मागे सरकत अडवायची सवय नाही. कॉलिन्स 10-28 अशा हिशोबावर 2022 मध्ये गेले.

13. आजच्या काळात ऑप्शन चालणारच नाही, हे बरोबर आहे का?

लष्करी अकादमींबाहेर शुद्ध रूपात अवघड आहे. कंबरेखाली अडवण्यावर 2022 पासून कडक बंधनं आली आणि ऑप्शनच्या लाइनचं ते मुख्य हत्यार होतं. भरतीची अडचण प्रश्न 5 मध्ये आली आहे.

पण कल्पना मेलेली नाही. डिफेंडरला न अडवता 'वाचायचं' हे तत्त्व आज जवळजवळ प्रत्येक कॉलेज टीम शॉटगनमधून वापरते. कॉलेजचं मैदानही त्याला साथ देतं. प्ले ज्या दोन खुणांच्या आत सुरू होतो त्या हॅश मार्कमधलं अंतर कॉलेजात 40 फूट, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. त्यामुळे कॉलेजात बॉल बऱ्याचदा एका कडेला ठेवला जातो आणि दुसऱ्या बाजूला पळायला मोठं रान मिळतं. 'एनएफएलमध्ये चालत नाही म्हणून कॉलेजात चालणार नाही' हा युक्तिवाद म्हणूनच कच्चा आहे.

14. स्कॉट फ्रॉस्ट तर 1997 च्या टीमचा क्वार्टरबॅक. त्याला आणणं म्हणजे जुन्या पद्धतीकडे परतणंच झालं ना?

अनेकांना 2018 मध्ये तसंच वाटलं, आणि अपेक्षाभंगाचं मूळ तिथेच आहे. फ्रॉस्ट ऑस्बर्न यांचा खेळाडू, पण प्रशिक्षक म्हणून तो ओरेगनच्या वेगवान, पसरलेल्या पद्धतीत घडला. यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा) 2017 मध्ये 13-0 नेलं ते त्याच पद्धतीनं. लोकांनी माणूस ओळखीचा पाहिला आणि खेळही ओळखीचा असेल असं धरून चालले. हिशोब 16-31. 2021 मध्ये तर नऊ पराभव, आणि प्रत्येक दहापेक्षा कमी गुणांच्या फरकानं. चुरशीच्या मॅचमधल्या बारीकसारीक चुकांना पद्धतीचा मुद्दा लावू नये असं मी म्हणेन, पण लिंकनमध्ये हे सगळ्यांना पटत नाही.

15. हे इंग्लंडच्या बॅझबॉलसारखंच आहे का?

मनोवृत्तीपुरतं. स्टोक्स आणि मॅकलम यांनी 2022 मध्ये जवळपास त्याच फलंदाजांना वेगळं खेळायला सांगितलं आणि ते लगेच खेळू शकले. फुटबॉलमध्ये लाइनमनला 'आजपासून वेगळा खेळ' म्हणून भागत नाही. त्याचं वजन, पायांची चाल, तीन वर्षांचा व्यायाम सगळं एका पद्धतीसाठी घडलेलं असतं.

16. आता खेळाडू हवे तेव्हा कॉलेज बदलतात. मग बदलाला इतकी वर्षं कशाला लागतील?

पूर्वी नवीन भरतीचे खेळाडू तयार व्हायला तीन-चार वर्षं द्यावी लागत. 2021 पासून एकदा, आणि 2024 पासून कितीही वेळा, एक वर्ष न बसता दुसऱ्या कॉलेजकडून खेळता येतं. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर एका हिवाळ्यात आणता येतात. लाइन येत नाही. पाच जणांना एकमेकांच्या हालचाली न बोलता कळायला वेळ लागतो, आणि चांगले लाइनमन सगळ्यांनाच हवे असतात.

नेब्रास्कासाठी उलट बाजूही आहे. 2025 पासून मोठ्या टीमना 105 खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्तीवाले 85 आणि त्यांच्यापलीकडे भरपूर वॉक-ऑन असत. प्रश्न 3 मधली गावातून येऊन पाच वर्षांत घडणारी मुलं या मर्यादेत सर्वात आधी गळतात. 'पुन्हा ऑस्बर्नसारखं खेळा' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

17. नवीन ऑफेन्स चालतोय की नाही हे पहिल्या वर्षी कशावरून ओळखायचं? गुणफलक सोडून.

तीन गोष्टी बघा. प्ले सुरू व्हायच्या आधी खेळाडू एकमेकांना 'तू कुठे' असं विचारताना दिसतात का, ते सप्टेंबरपेक्षा नोव्हेंबरमध्ये कमी झालं का? तिसऱ्या प्रयत्नात दोनच यार्ड हवे असताना टीमकडे एक भरवशाचा प्ले आहे का? आणि नवा प्रशिक्षक हातात असलेल्या खेळाडूंसाठी आपलं प्लेबुक थोडं तरी मुरडतो का? माझ्या लेखी तिसरी सर्वात महत्त्वाची. ऑस्बर्न यांना ते जमलं, ब्रायंट यांना जमलं. पहिल्या वर्षी 5-6 झाले आणि ही तिन्ही उत्तरं 'हो' आली, तर मी आणखी दोन वर्षं निमूट तिकीट काढेन.